कोल्हेभाऊंच्या सायकलची खांदेमळणी

अंबादास कोल्ह्यांना लग्नाला बोलावणं म्हणजे विकतचं दुखणं होतं. पंगतीत बसल्या बसल्या ते आधी नवरीकडे बघायचे, मग नवरदेवाकडे, आणि शेजारच्याला विचारायचे, "आई कोण? बाप कोण?" आवाज असा की वाढपीसुद्धा थांबायचा. कुणीतरी बिचारं बोट करून दाखवायचं. कोल्हेभाऊ दोन्हीकडचे आईबाप नीट न्याहाळायचे आणि निकाल द्यायचे, "क्रॉस चांगला हाय. फक्त बापाचं नाक घेऊ नये लेकरानं." माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात त्यांनी हे वरबापाच्या पुढ्यातच म्हटलं. वरबाप ताटावरून उठला. त्याची समजूत काढता काढता आमचे काका घामाघूम झाले आणि कोल्हेभाऊ शांतपणे दुसऱ्यांदा बुंदी मागत होते.

आम्ही एकाच कंपनीत होतो. नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडे बियाण्याच्या कंपन्यांची रांगच होती, त्यातली ही एक मधलीअधली. मी हिशेब बघायची. मस्तगडातून रोज सकाळी ऑटोत कोंबून घेऊन यायचं, संध्याकाळी तसंच परत. कोल्हेभाऊ शेतांवरचे सुपरवायझर. बी.एस्सी. ॲग्री झालेले, आणि ते कुणाला विसरू द्यायचे नाहीत. गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग असायचं. शनिवारी ऑफिसला आले की आधी शर्ट झटकायचे आणि माझ्या टेबलावर लाल कागदाचे कपटे पडायचे.

"कोल्हेभाऊ, बाहेर झटका ना!"

"ताई, हा कचरा न्हाई. ही टोपी हाय."

टोपीचं असं आहे, की हायब्रीड कपाशीचं बी आपोआप येत नाही. बाया दुपारून मादीच्या ओळीत शिरतात. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या हुडकून सोलतात, आतला नर नखानं काढून टाकतात आणि कळीवर लाल कागदाची टोपी घालतात. सकाळी ती टोपी काढून त्यावर दुसऱ्या जातीच्या नराचं फूल फिरवायचं. एखादी कळी सोलायची राहिली की ती आपली आपणच फळते. तिला म्हणायचं सेल्फ. अशी बोंडं बियाण्यात मिसळली की लॉट बाद, आणि शेतकऱ्याचा अख्खा हंगाम बोंबलला. तेव्हा राहिलेलं सेल्फ फूल वेळेवर शोधून तोडून टाकणं हे कोल्हेभाऊंचं काम.

आणि हे काम ते सायकलवरून करायचे. कंपनीने त्यांना मोटरसायकल देऊ केली होती. ती नाकारणारा माणूस मी आयुष्यात एवढा एकच पाहिला.

"फटफटी कोसावरून वरडती, ताई," ते मला म्हणाले होते. "तिचा आवाज आला की बाया तोंडं बंद करत्यात अन् हात चालू करत्यात. मला तोंडं चालू असताना जायचंय. हात कसे चालत्यात ते तवाच कळतं."

घनसावंगीच्या बाजूला, थेट गोदावरीच्या काठापर्यंत त्यांचे प्लॉट होते. त्या भागात काळ्या घोडसायकलीवरून ते असे यायचे की पान हलायचं नाही. बाया कपाशीत वाकून सासवांच्या चुगल्या करत असायच्या आणि मागून एकदम आवाज यायचा, "ती सासू राहू दे, मागची कळी राहिली." बाया किंचाळायच्या. त्यांनी यांचं नाव मांजर ठेवलं होतं. तोंडावर म्हणायच्या, "आलं का मांजर?" हे खूश व्हायचे.

एकदा सख्ख्या मेहुण्याच्या प्लॉटमध्ये त्यांना सेल्फ बोंडं सापडली, थोडीथोडकी नव्हेत. मेहुण्याने आधी चहा पाजला, मग हात जोडले, मग बहिणीची शपथ घातली. कोल्हेभाऊंनी चहा पिऊन घेतला आणि प्लॉट बाद केला. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांची बायको, आमच्या सुभद्रावहिनी, घरात फक्त भांड्यांशी बोलत होत्या. मी विचारलं, "भाऊ, एवढं कशाला? मेहुणा होता ना?" तर म्हणाले, "मेहुणा माझा. बी लोकायचं."

असा हा माणूस एका पावसाळ्याच्या शेवटी आडवा झाला. उसाच्या ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी वाळून दगड झाली होती, त्यात पुढचं चाक गेलं, सायकल उधळली आणि भाऊंची कंबर धरली ती धरलीच. मणक्यातली गादी सरकली म्हणाले डॉक्टर. बरे झाले, पण डॉक्टरांनी बजावलं की सायकल विसरा, फटफटीही विसरा, पुन्हा दणका बसला तर पाय जाईल.

कंपनीचे शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी भाऊंना काढलं नाही. गोडाऊनच्या गेटवर टेबल-खुर्ची दिली, पाठीला उशी दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोत्यांवर शिक्के मारायला बसवलं. शेतांवर एक तरणाबांड सुपरवायझर मोटरसायकलवरून जायला लागला. आमच्या लेखी प्रश्न मिटला.

पण गेटवर बसलेले कोल्हेभाऊ बघवत नव्हते हो. आधी त्यांनी आमचा छळ केला. माझ्या डब्यातली भेंडी भिंगाखाली धरून कुठल्या जातीची ते सांगायचे. हमालाच्या लेकराच्या कानाची पाळी बघून त्याच्या आजोबांचं वर्णन करायचे. मग हळूहळू तेही थांबलं. शनिवारी माझ्या टेबलावर लाल कपटे पडेनात. एके दिवशी मी मुद्दाम डिवचलं, "काय भाऊ, आज कुणाची आई, कुणाचा बाप नाही का?" तर म्हणाले, "पोत्यायला कुठं आईबाप असतात, ताई." मला भरून आलं.

दिवाळीला शेठ सगळ्यांना मिठाईचा डबा द्यायचे. भाऊंनी तो परत केला.

"शेठ, डबा नको. गोडाऊनमंधी बारदान्याखाली एक सायकल पडेल हाय. ती द्या."

ती शेठच्या मुलाची. डबल शॉकअपची, पुढे एक मागे एक, जाड दातेरी टायर, सहा गिअर, वर विजेचे लोळ रंगवलेले. त्या काळात जालन्यातल्या प्रत्येक पैसेवाल्याच्या पोराला अशी सायकल हवी असायची आणि मिळाली की पोरगं महिन्याभरात मोटरसायकलसाठी रुसायचं. ही तर कित्येक वर्षं पोत्यांखाली होती. उंदरांनी सीट खाल्ली होती.

शेठ म्हणाले, "कोल्हे, तुमची कमर गेली का अक्कल गेली?"

"कमर गेली म्हून तर मागतोय. हिला स्प्रिंगा हायती. दणका हिनं खायचा, म्या न्हाई."

शेठ हसले आणि सायकल दिली. पण कोल्हेभाऊ म्हणाले, मला माझे प्लॉट परत पाहिजेत, तेव्हा मात्र हसले नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या सीझनला पोळा झाल्यावर फील्ड-डे आहे. मी जीपने गोदाकाठच्या शेवटच्या प्लॉटवर येणार. तुम्ही वाटेवरचे सगळे प्लॉट करून माझ्या आधी तिथं पाहिजे, अन् सरळ उभे पाहिजे. वाकडे दिसले तर गेटवरची खुर्ची तुमची, कायमची. नंतर कटकट बिलकुल नाही."

"मंजूर," भाऊ म्हणाले.

त्याच रविवारी ते सायकल घेऊन आमच्या मस्तगडात आले. आमच्या घराखाली इस्माईलभाईंचं दुकान होतं, सायकल आणि मोपेड दुरुस्तीचं. म्हणून पुढचं सगळं मला गॅलरीतून दिसायचं, तिकिटाशिवाय. भाऊंनी पायडल मारलं की सायकल वर-खाली डुलायची आणि पुढे मात्र जायची नाही.

"साब, ये सायकल है के झूला?" इस्माईलभाई म्हणाले. "आधी ताकत तो स्प्रिंग खा रही."

"मंग स्प्रिंगच बदला. पण नवं काई आणायचं न्हाई. मला खर्च करायला बायको परवानगी देत न्हाई."

"नया इसका मिलता बी नै."

आणि इथे आमच्या बी.एस्सी. ॲग्रींनी मोठी गंमत केली. आयुष्यभर शेतकऱ्यांना शिकवलं, की एका वाफ्यात एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आणि स्वतःच्या सायकलला मात्र एका दिवसात सगळं बदलून टाकलं. मागे भंगारातल्या मोपेडचा शॉकअप घातला. पुढच्या शॉकअपमध्ये ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे कोंबले. दूधवाल्याच्या सायकलचं उंच हँडल, जुन्या टांग्याच्या गादीचं कातडं मारलेली रुंद सीट, टायरमध्ये टम्म हवा. संध्याकाळी रुबाबात बसले आणि उतार लागला. सायकल पुढून दगड, मागून बेडूक. मधल्या स्पीडब्रेकरवर ती अशी उडाली की भाऊ थेट बांगडीवाल्याच्या दुकानात. एक पायरी चढून आत गेले, सायकलसकट! बांगडीवाली बाई ओरडायची सोडून म्हणाली, "कुठलं माप बघू?"

मी गॅलरीत पोट धरून हसत होते. खाली जाऊन बघितलं तर भाऊ कमरेवर हात ठेवून उभे, चेहरा पांढरा.

"काय बिघडलं, साब?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"तेच तर कळंना," भाऊ म्हणाले. "समदंच बदललं ना." आणि मग स्वतःच्याच कपाळावर त्यांनी अशी चापट मारली की आवाज वरपर्यंत गेला असता.

तिथून पुढे सायकलचा प्लॉट झाला. सगळं काढून जुनं लावलं. मग एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर परीक्षा. परीक्षा कसली म्हणाल, तर दह्याची. सुभद्रावहिनी रात्री डब्यात दही विरजायच्या. रविवारी सकाळी भाऊ तो डबा सीटखाली बांधायचे आणि वाटेतले सगळे खड्डे हुडकत हुडकत इस्माईलभाईंच्या दुकानापर्यंत यायचे. डबा उघडायचा. दही मोडलं, पाणी सुटलं, की बदल नापास. "जे दह्याचं, तेच मणक्याचं," म्हणायचे. पहिल्या पहिल्या वेळी तर सरळ ताकच निघायचं. इस्माईलभाई त्यात मीठ टाकून पिऊन टाकायचे.

मोपेडचा शॉकअप फार कडक निघाला, तर इस्माईलभाईंनी तो बसायची पट्टी दुसऱ्या भोकात सरकवली, आणि तो मऊ झाला. ट्यूबचे तुकडे कमी केले. टायरमधली हवा कमी केली. दातेरी टायरला काळी माती चिकटून चाक जाम व्हायचं, म्हणून कुणाचे तरी झिजलेले गुळगुळीत टायर आणले. भाऊ म्हणाले, "म्हाताऱ्या टायरला अक्कल असती." गिअरचा खटका तुटका होता, तर मधल्या गिअरवर साखळी कायमची बसवून टाकली. प्रत्येक वस्तू कुठून आली ते विचारलं की सांगायचे, "आई मोपेड, बाप दूधवाला." उन्हाळा आला तसं डब्यातलं दही सुधारत गेलं. पाणी कमी कमी सुटायला लागलं.

मध्ये एकदा वहिनी ऑफिसात आल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, सायकल जमत आली म्हणे."

"सायकलीचं जमतंय," त्या म्हणाल्या, "पण आमच्या घरी रोज कढी, ताई. कढी खाऊन खाऊन लेकरं पिवळी पडली."

आणि मग एका रविवारी इस्माईलभाईंनी डबा उघडला आणि मला खालूनच हाक मारली, "बाजी, नीचे आओ." मी गेले. डब्यात दही जसंच्या तसं होतं. इस्माईलभाईंनी चमचा घातला तर वडी पडली. कोल्हेभाऊ बाजूला उभे होते. ते म्हणाले, "ताई, ह्या येळेला कमर दुखली न्हाई." एवढंच म्हणाले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मी म्हणाले, "अहो, धूळ गेली असेल." ते म्हणाले, "धूळ कशाची. रडून राह्यलो."

आता सगळं ठीक होतं. फील्ड-डेला थोडेच दिवस राहिले होते. आणि मध्ये पोळा आला.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." कोल्हेभाऊंच्या घरी बैल उरला नव्हता, जमीन भावाकडे गेली होती. पण सण मोडायचा कसा? त्यांनी पाहिलं, की या घरात ओझं ओढणारा जीव आता एकच. मग दोघा नवराबायकोंनी बसून सायकलच्या दोन्ही शॉकअपला, आणि मागचा सांगाडा जिथे हलतो त्या खिळीला, हळद-तूप चोळलं. चांगलं ओंजळभर. घरचं, साजूक. आवतनही दिलं, घंटीपाशी तोंड नेऊन.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. रस्त्यावर घोट्याएवढी धूळ. साजूक तूप आणि काळ्या मातीची धूळ यांचं काय होतं ते तुम्हाला माहीत नसेल तर कोल्हेभाऊंना विचारा.

पोळ्याला सायकलसकट गावीच गेलेले ते फील्ड-डेच्या सकाळी अंधारातच घनसावंगीहून निघाले. सीटखाली दह्याचा डबा होता. शेठच्या पंगतीला म्हणून मुद्दाम घेतला होता. ही पुढची हकीकत मी नंतर ऐकली, थोडी त्यांच्याकडून आणि थोडी बायांकडून, आणि दोघांचं एकदाच एकमत झालं ते यावर: पहिल्या प्लॉटच्या बऱ्याच आधी सायकल बोलायला लागली. कुईं... कुईं... कुईं. तुपात बसलेली माती खिळीत शिरली होती. मागचा शॉकअप आखडला, दणके थेट कमरेत यायला लागले. आणि आवाज तर असा, की कपाशीतून बाया उठून उभ्या राहिल्या.

"आलं गं मांजर! घंटी बांधून आलं!"

सगळ्या माना खाली, हात झपाझप, तोंडं बंद. भाऊंना प्लॉटमध्ये एक चूक सापडली नाही. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आता फटफटीच घ्या. ती तरी याच्यापरीस हळू वरडती." भाऊंना राग आला तो बायांचा नव्हे. सायकलचाही नव्हे. ते मला म्हणाले, "माझी मलाच लाज वाटली, ताई. तिला बैल समजलो ते बराबर होतं. पण बैलाचं पोट पाहून चारा द्यायचा असतो. हिला तूप कवा पचतं व्हय?"

कमरेत कळ सुरू झाली होती. शेवटचा प्लॉट अजून लांब होता. आणि जालन्याहून आमची जीप निघाली होती. शेठ पुढे बसलेले, आम्ही ऑफिसवाले मागे. वर्षातून एकदा आम्हालाही कपाशी दाखवायची त्यांची पद्धत होती. मी देवाला म्हणत होते, जीप पंक्चर कर. आमचा मेला ड्रायव्हर त्या दिवशी असा हाकत होता की विचारू नका.

कालव्याच्या कडेला एक पाणी उपसायचं डिझेल इंजिन चालू होतं. भाऊ तिथे उतरले. इंजिनवाल्या शेतकऱ्याकडून वाटीभर डिझेल मागितलं. सायकल आडवी घातली, पाना काढला, खिळी काढली आणि गळ्यातलं नवंकोरं उपरणं, जे वहिनींनी शेठसमोर मिरवायला दिलं होतं, ते फाडून तुपाची घाण पुसून काढली. डिझेलने धुतलं. मग इंजिनातलंच थोडं तेल बोटाने घेतलं आणि लावलं. शेतकरी म्हणाला, "सण झाला न्हाई तोच आंघोळ घातली का बैलाला?" भाऊ म्हणाले, "घातली. आता बोलू नको, ऐक." सायकल दाबली. वर आली. आवाज नाही.

आम्ही गोदाकाठच्या प्लॉटवर पोचलो तेव्हा जीपचा आवाज लांबूनच गेला असणार, कारण सगळ्या बाया कशा शाळेतल्यासारख्या ओळीत, हातात फुलं, मान खाली. शेठ खूश झाले. पण माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. मी बांध शोधत होते, रस्ता शोधत होते. कोल्हेभाऊ दिसेनात.

"शोभाबाई, तुमचे कोल्हे नाही आले," शेठ म्हणाले. नाही म्हटलं तरी त्यांनाही वाईट वाटलं होतं. "प्लॉट मात्र एक नंबर आहे. बघा, कुठं चूक नाही."

"आता न्हाई," कपाशीतून आवाज आला. "तुमच्या जीपच्या आधी होती."

ओळीमधून कोल्हेभाऊ बाहेर आले. ताठ! अंगावर डिझेलचे डाग, उपरणं नाही, आणि ओंजळ फुलांनी भरलेली. सोलायची राहून गेलेली सेल्फ फुलं. ती त्यांनी शेठच्या पायापाशी जमिनीवर ओतली.

"म्या आल्तो तवा बाया गोष्टीत रंगल्या होत्या. ह्या ओळीतली अर्धी फुलं तशीच. तुमची फटफटी असती तर तिला एक बी दिसलं नसतं."

ओळीच्या टोकाला बसलेली एक बाई म्हणाली, "पान हललं न्हाई, मालक. एकदम खांद्यापाशीच आलं मांजर." आणि सगळ्या बाया हसायला लागल्या. स्वतःची चोरी पकडली गेली तरी हसत होत्या. मांजर परत आलं होतं ना!

शेठ फुलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अन् कमर?"

भाऊ बांधावर बाभळीला टेकवलेल्या सायकलीपाशी गेले, सीटखालचा डबा सोडला आणि शेठच्या हातात दिला. शेठना काही कळेना. पण मला कळत होतं. कालव्यापर्यंत शॉकअप आखडलेला होता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण भाऊंचा चेहरा बघून काहीतरी झालंय एवढं दिसत होतं.

शेठनी झाकण काढलं. दही एका कडेला तडकलं होतं. तिथे थोडं पाणी होतं. बाकी सगळा डबा जसाच्या तसा, साय न मोडलेली.

"ते कडेचं माझ्या चुकीचं," भाऊ म्हणाले. "बाकीचं सायकलीचं."

शेठनी बोटाने थोडं दही चाखलं. अख्खी कंपनी आणि अख्खं शेत त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. म्हणाले, "कोल्हे, मीठ आणा."

"मंग प्लॉट?"

"अहो, प्लॉट तुमचेच. पण गेटवर आता कोण बसणार, तेवढं सांगा."

मी ओरडले. खरंच ओरडले, जीपमधल्या सगळ्या साहेब लोकांसमोर. लाज कसली! बायांनी टोप्यांचे लाल कपटे मूठ मूठ उचलून भाऊंच्या अंगावर उधळले. ते वाकून वाकून आपले कपटे वेचायला लागले, जमिनीवरून, एकेक. "वाया घालवू नका गं, कामाच्या हायती." आणि किती वेळा वाकले, किती वेळा सरळ झाले, ते शेठ बघत होते. बांधावर पंगत बसली तेव्हा भाकरीबरोबर ते दही सगळ्यांना चमचा चमचा वाढलं. मला कडेचं आलं. मी ते सगळ्यात चवीने खाल्लं.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या यजमानांची बदली झाली आणि मी कंपनी सोडली. जायच्या आधी कोल्हेभाऊंच्या गावचा पोळा बघायला गेले. वहिनींनी पुरणाचं आवतन दिलं होतं. वेशीत तोरण बांधलं होतं. शिंगांना बेगड, अंगावर झुली, एकेक जोडी येऊन उभी राहत होती. आणि शेवटी कोल्हेभाऊ. हँडलच्या दोन्ही टोकांना बेगड, सीटवर झूल, शॉकअपला गोंडे. तुपाचा मात्र थेंब नव्हता, मी मुद्दाम बोट लावून पाहिलं.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. मानाच्या बैलाचे धनी, गावचे म्हातारे पाटील, काठी टेकत पुढे आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्यांनी सायकलीला एक चक्कर मारली. शॉकअप काठीने दाबून बघितला.

"वर्षभर राबलं का हे?"

"राबलं, पाटील. एक दिवस नागा न्हाई."

"मंग येऊ द्या की रांगेत. हसता कशाला रे?"

तोरण तुटलं, ढोल वाजायला लागले, जोड्या निघाल्या. कोल्हेभाऊ सायकल हातात धरून माझ्यापुढून चालत गेले. कंबर ताठ, छाती पुढे, डिझेलचे डाग न पडलेलं नवं उपरणं गळ्यात. मला राहवलं नाही. मी ढोलाच्या वर आवाज काढून ओरडले, "भाऊ, बसा की वर! सगळ्यांना दिसू द्या!"

त्यांनी मागे वळून पाहिलं. मला वेड्यात काढावं तसे हसले.

"आज कसं बसू, ताई?" ते म्हणाले. "आज पोळा हाय. आज त्याला सुट्टी."